भाड्याचे घर आणि आपला शेजारधर्म



गुलमंडी, औरंगपुरा, नवाबपुरा, बेगमपुरा या आपल्या शहराच्या जुन्या भागांतून फिरताना हल्ली एक बदल नजरेत भरतो. पडायला आलेला वाडा पाडून तिथे चार मजली इमारत उभी करायची, ही रीत आपल्या ओळखीची आहे. पण काही मालकांनी तसे केलेले नाही. त्यांनी सागवानी खांब आणि तुळया तशाच ठेवल्या, गळके माळवद काढून स्लॅब टाकला, उखडलेल्या जमिनीवर टाइल्स बसवल्या, प्रत्येक बिऱ्हाडाला स्वतंत्र संडास-बाथरूम आणि ओटा काढून दिला, वर पाण्याच्या टाक्या चढवल्या. जिथे पूर्वी एकत्र कुटुंबातली वीस-पंचवीस माणसे राहत होती, तिथे तीन-चार सुटसुटीत घरे तयार झाली आणि ती भाड्याने निघाली. दाराची कडी जुनी, आत गिझर नवा. बाजार जवळ, घाटी दवाखाना जवळ, विद्यापीठ जवळ. अशा घराला भाडेकरू मिळायला वेळ लागत नाही.

आपल्या धर्मग्रामात या व्यवहाराच्या दोन्ही बाजूंना माणसे आहेत. वैजापूर, गंगापूर, पैठण, जालना या भागांतल्या खेड्यांतून शिक्षणासाठी, नर्सिंगसाठी, वाळूज-चिकलठाण्याच्या कारखान्यांतील नोकरीसाठी आलेली कितीतरी कुटुंबे आजही भाड्याने राहतात. आणि ज्यांच्या आईवडिलांनी तीस-चाळीस वर्षांपूर्वी असेच एका खोलीत बिऱ्हाड थाटले होते, त्यांच्यापैकी काहींनी आता घर बांधले, वर मजला चढवला आणि तो भाड्याने दिला. कालचे भाडेकरू आजचे घरमालक झाले. ही आनंदाची गोष्ट आहे. पण त्याबरोबर एक वाक्यही आपल्या घरांत आले आहे, आणि या रविवारी आम्हांला त्याच वाक्याचा विचार करायचा आहे. "घर माझे आहे, ते कोणाला द्यायचे आणि कितीला द्यायचे, हे मी ठरवणार."

या वाक्यात चूक काय, असे कोणी विचारले तर चटकन उत्तर देता येत नाही. घर खरोखरच त्याचे असते. जुना वाडा दुरुस्त करणे म्हणजे पैशाला भगदाड असते. एक भिंत उघडली की मागची दुसरी बोलू लागते. वाळवी लागलेली तुळई बदलायला जुन्या पद्धतीचे काम जाणणारा सुतार लागतो, आणि तो आता मिळत नाही. बँकेचे हप्ते सुरू झालेले असतात. शिवाय वाड्यांच्या मालकांवर पूर्वी अन्यायही झाला, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. मराठवाड्यात हैदराबाद राज्याचा १९५४ चा घरभाडे नियंत्रण कायदा होता. भाडेकरूला रस्त्यावर फेकले जाऊ नये हा त्याचा हेतू चांगला होता. पण पुढे महागाई कुठल्या कुठे गेली आणि कित्येक वाड्यांत भाडे मात्र चहापाण्याच्या खर्चाएवढे राहिले. मालक दुरुस्ती करीना, भाडेकरू जागा सोडीना, आणि दोघांच्या भांडणात वाडा खचत गेला. जो भाडेकरू स्वतःचे पक्के घर झाल्यावरही केवळ कुलूप लावून ती खोली अडवून बसला, त्यानेही शेजाऱ्याची वस्तू लुबाडलीच. सातवी आज्ञा फक्त मालकांसाठी नाही.

तेव्हा घरमालकाला त्याच्या खर्चाचा आणि कष्टाचा योग्य मोबदला मिळावा, याविषयी आमच्या मनात शंका नाही. ख्रिस्तसभेची शिकवणही तशीच आहे. पोप लिओ तेरावे यांनी १८९१ साली 'रेरुम नोवारुम' या विश्वपत्रात खाजगी मालमत्तेचा हक्क ठामपणे मांडला. मात्र त्याच विश्वपत्रात त्यांनी संत थॉमस अक्वायनस यांचा आधार घेऊन दोन गोष्टी वेगळ्या केल्या: वस्तू मालकीची असणे वेगळे आणि ती वापरणे वेगळे. मालकी एकाची असू शकते, पण वापराच्या वेळी ती वस्तू जणू सर्वांची आहे अशा मनाने वागावे, गरजूला सहज वाटा द्यावा. शेत, पैसा, धान्य यांच्याबाबतीत हे समजायला सोपे आहे. घराच्या बाबतीत मात्र अवघड आहे, कारण घराला दार असते, आणि दार हे उघडण्याइतकेच बंद करण्यासाठीही असते.

बायबलमध्ये याविषयी एक जागा आहे, जिच्याकडे आपले लक्ष सहसा जात नाही. लेवीय पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायात योबेल वर्षाचे नियम आहेत. विकलेली जमीन पन्नासाव्या वर्षी मूळ कुटुंबाकडे परत जायची. पण तटबंदीच्या शहरातील घराला हा नियम लागू नव्हता. ते घर विकणाऱ्याला एका वर्षाच्या आत सोडवून घेता येई. वर्ष उलटले की ते विकत घेणाऱ्याचे कायमचे. तट नसलेल्या खेड्यांतली घरे मात्र शेतासारखीच मानली जात. म्हणजे शहरातल्या घराची मालकी पक्की असते, हे पवित्र शास्त्रालाही ठाऊक आहे. आपले शहरही तटबंदीचे. तट आता तुकड्यातुकड्यांनी उरला असला तरी भडकल गेट, पैठण गेट, दिल्ली गेट, मकाई गेट उभे आहेत. तेव्हा गुलमंडीचा एखादा घरमालक लेवीय पुस्तक उघडून आम्हांलाच दाखवू शकेल, की पाहा, माझी मालकी शास्त्राने मान्य केली आहे!

ते खरेच आहे. पण त्याच अध्यायात, या नियमाच्या थोडे आधी, परमेश्वर आपल्या लोकांना सांगतो की भूमी त्याची आहे आणि ते त्याच्याकडे परके व उपरे म्हणून राहत आहेत. आणि या नियमानंतर लगेच, हात टेकलेल्या भावाला आधार देऊन आपल्याजवळ राहू द्यावे, अशी आज्ञा येते. घराची मालकी पक्की करणारा नियम या दोन वचनांच्या मध्ये ठेवलेला आहे. आम्हांला तो योगायोग वाटत नाही. घर तुझे आहे, पण तू स्वतः या पृथ्वीवर बिऱ्हाडकरू आहेस, असे तिथे मालकाला सांगितले आहे.

आता जुन्या वस्तीतल्या घराविषयी एक वेगळा मुद्दा. जुन्या भागातले दुरुस्त केलेले घर भाड्याने देताना मालक भाडे कशाचे घेतो? टाइल्सचे, गिझरचे, नव्या वायरिंगचे घेतो, ते रास्त आहे. पण तेवढ्याच टाइल्स आणि तोच गिझर शहराबाहेरच्या उजाड प्लॉटिंगमध्ये बसवला तर तेवढे भाडे येत नाही. वरचे पैसे येतात ते वस्तीचे. पायाखाली बाजार आहे, किराणा दुकानदार उधार देतो, रात्री बेरात्री गल्लीत माणूस जागा असतो, आजारपणात समोरच्या मावशी डबा देतात. हे सगळे मालकाने बांधलेले नाही. ते त्याला आयते मिळालेले आहे.

कोणाकडून मिळाले? १६१० साली मलिक अंबरने खडकी वसवली, ती या शहराची सुरुवात. हा माणूस जन्माने इथिओपियाचा. लहानपणी गुलाम म्हणून विकला गेलेला, हातोहात फिरत दख्खनला पोचलेला. त्याने डोंगरातले पाणी नहरीने आणि खापरी नळांनी शहरातल्या हौदांपर्यंत आणले. पुढे मोगल सैन्याबरोबर राजपूत सरदार आले आणि त्यांच्या नावाने पुरे वसले: जयसिंगपुरा, जसवंतपुरा, कर्णपुरा, पदमपुरा, पहाडसिंगपुरा. पाणचक्कीच्या दर्ग्यात पाण्याच्या जोरावर पीठ दळले जाई ते तिथे उतरणाऱ्या यात्रेकरूंसाठी आणि फकिरांसाठी. त्यानंतर निजामाच्या काळात आणखी माणसे आली. पुण्या-मुंबईच्या बाजूने आली, तेलंगणातून आली, मारवाडातून आली. मराठवाड्यात सुवार्ता घेऊन आलेले आपले पहिले मिशनरी फादर तर समुद्रापलीकडून आले. या शहराचा जुनेपणा म्हणून आज जे जाहिरातीत लिहितात, तो सगळा बाहेरून आलेल्यांना कोणीतरी जागा दिली म्हणून तयार झालेला आहे. अशा वस्तीचे भाडे घ्यायचे आणि बाहेरून आलेल्याला दारात उभे करायचे नाही, यात आम्हांला विसंगती दिसते.

दारात काय विचारतात, ते आपल्यापैकी पुष्कळांना पाठ आहे. फोनवर सगळे ठरते. घर रिकामे आहे, भाडे पटले, डिपॉझिट पटले, संध्याकाळी चावी घेऊन या. संध्याकाळी दोघे नवराबायको जातात. मालकीणबाई चहा ठेवतात. मग सहज विचारल्यासारखे, "आडनाव काय म्हणालात?" आडनावावरून उमगले नाही तर, "मूळ गाव कोणते? कोणत्या बाजूचे?" मग, "तुमच्यात सगळे खातात ना?" आणि गळ्यातला क्रूस दिसला की, "अच्छा, चर्चवाले का!" चहा होतो. दुसऱ्या दिवशी फोन येतो की घर भाच्यालाच लागणार आहे हो. महिनाभर पाटी तशीच लटकत राहते. आपल्या धर्मग्रामातल्या कितीतरी कुटुंबांच्या आठवणीत असा एक भाचा आहे.

या भाच्याचा विचार केला पाहिजे. नकार देणारा माणूस 'मी तुम्हांला घर देत नाही' असे कधी म्हणत नाही. तो भाच्याचे नाव सांगतो, म्हाताऱ्या आईचे सांगतो, शेजाऱ्यांचे सांगतो. "मला काहीच हरकत नाही, पण वाड्यातले बाकीचे लोक..." नकार नेहमी तिसऱ्याच्या तोंडून येतो.

याचे सर्वांत बोलके उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. १९१७ साली परदेशातले शिक्षण घेऊन ते करारानुसार बडोदा संस्थानात नोकरीला गेले. राहायला जागा मिळेना. शेवटी एका पारशी धर्मशाळेत ते पारशी नाव घेऊन उतरले. अकराव्या दिवशी हातात काठ्या घेतलेले दहा-बारा पारशी दारात आले आणि त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याचे त्यांच्याकडून कबूल करून घेतले. तेव्हा बाबासाहेबांना दोन मित्र आठवले. एक हिंदू होता. तो म्हणाला, तुम्ही माझ्या घरी आलात तर माझे नोकर निघून जातील. दुसरा मित्र ख्रिस्ती होता. तो म्हणाला, माझी पत्नी उद्या येते आहे, तिला विचारावे लागेल. हे कुटुंब मुळात ब्राह्मण घराण्यातून ख्रिस्ती झालेले होते. पतीचे विचार बदलले होते, पत्नीचे बदलले नव्हते, आणि हा सभ्यपणे दिलेला नकार होता, हे बाबासाहेबांना पुढे कळले. ते पाच तास बडोद्याच्या सार्वजनिक बागेत बसून राहिले आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला परतले.

दोन्ही मित्रांपैकी कोणीही 'नाही' म्हटले नाही. एकाने नोकरांचे नाव सांगितले, दुसऱ्याने बायकोचे. आणि त्यातला एक बाप्तिस्मा घेतलेला होता. ही गोष्ट आपल्या ख्रिस्ती पुस्तकांतून फारशी सांगितली जात नाही. पण ती आपल्या शहरात तरी विसरता येणार नाही, कारण याच बाबासाहेबांनी पुढे १९५० साली इथे मिलिंद महाविद्यालय काढले आणि मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांतली मुले शिकायला या शहरात येऊ लागली. १९५८ साली विद्यापीठ झाले, तेव्हा आणखी आली. त्यांना राहायला खोली हवी होती. बेगमपुऱ्यातल्या आणि आसपासच्या कित्येक घरांनी ती दिली, कित्येकांनी दिली नाही. आपल्याच वाडवडिलांपैकी काहींना खोली मिळाली ती अशाच एखाद्या बौद्ध, मुसलमान किंवा हिंदू घरमालकाने आडनाव न विचारता दिली म्हणून.

आता आपण मालक झाल्यावर काय करतो? इथे आम्हांला स्पष्ट बोलायचे आहे. आपल्यातही प्रश्न विचारले जातात. "मुसलमान नको हो." "परप्रांतीय कामगार नकोत, एका खोलीत दहा जण राहतात." "ती जात जरा..." ज्यांना स्वतःला आडनावावरून परत पाठवले गेले, त्यांच्याच ओट्यावर हे बोलणे ऐकू येते, तेव्हा काय म्हणावे ते सुचत नाही. वेदना माणसाला नेहमी शहाणे करतेच असे नाही. कधी कधी ती फक्त आपली पायरी सोडून वरच्या पायरीवर उभे राहायला शिकवते.

यावर एक आक्षेप घेतला जाईल आणि तो हलका नाही. घर म्हणजे दुकान नव्हे. भाडेकरू आपल्याच छताखाली, आपल्याच जिन्यावरून ये-जा करणार. घरात लहान मुली आहेत, म्हातारी माणसे आहेत. कोण येतो हे पाहायला नको का? पाहायलाच हवे. नोकरी कुठे, माणसे किती, आधीच्या घरमालकाचा अनुभव काय, हे विचारावे. ओळखपत्र पाहावे, पोलिसांकडे माहिती द्यावी. एका खोलीत दहा माणसे राहणार असतील तर नाही म्हणावे, ती दहा माणसे कोणत्याही धर्माची असोत. रात्री दारू पिऊन गोंधळ घालणारा असेल तर त्याला काढावे, मग तो दर रविवारी मिस्साला येणारा का असेना. माणूस कसा वागतो हे विचारण्याचा मालकाला हक्क आहे. तो कोणाच्या पोटी जन्मला हे विचारण्याचा नाही. या दोन प्रश्नांतला फरक सूक्ष्म नाही, तो विचारताना आपल्याला नेमका कळत असतो. म्हणूनच तर दुसरा प्रश्न आपण चहाच्या निमित्ताने आडून विचारतो.

आणखी एक अवघड प्रश्न आहे, आणि त्यावर आमच्यातही एकमत नाही. आपल्या चर्चच्या आवारात कधी कधी सांगितले जाते की अमुक ठिकाणी घर रिकामे आहे, ख्रिस्ती कुटुंब असेल तर बरे. यात चूक आहे का? काहींचे म्हणणे, आपल्या माणसांना बाहेर कोणी घर देत नाही, मग आपण तरी द्यावे. यात तथ्य आहे. ज्याला दहा दारांतून परत पाठवले त्याच्यासाठी अकरावे दार उघडणे ही दया आहे. पण मग तो नियम 'आपला असेल तर' असा राहत नाही, 'ज्याला कोणी देत नाही त्याला' असा होतो. आणि आज या शहरात ज्याला कोणी देत नाही तो नेहमी ख्रिस्तीच असेल असे नाही. तो वाळूजच्या कारखान्यात आलेला बिहारी मुलगा असेल, नवऱ्याने सोडलेली बाई असेल, घाटीत रात्रपाळी करणारी एकटी नर्स असेल. आपल्या माणसाला मदत म्हणून सुरू झालेली गोष्ट दुसऱ्याला बंदी म्हणून कधी संपते, ते कळत नाही. आमचे मत असे की पहिला विचार गरजेचा व्हावा, नात्याचा नंतर.

कायदा याबाबतीत काय म्हणतो? फार थोडे म्हणतो. अमेरिकेत १९६८ साली, मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाल्यावर एका आठवड्यात, वंश किंवा धर्म पाहून घर नाकारणे बेकायदा ठरवणारा कायदा झाला. न्यूयॉर्कच्या हार्लेम आणि ब्रुकलिन भागांत तपकिरी दगडाच्या जुन्या घरांच्या रांगा आहेत. १९३० च्या दशकात कृष्णवर्णीय राहतात म्हणून अशा वस्त्यांभोवती नकाशावर लाल रंग भरला गेला आणि त्या घरांना कर्जे मिळेनाशी झाली. पुढे तीच घरे दुरुस्त होऊन महाग झाली, तेव्हा वाईट काळात वस्ती टिकवून धरणाऱ्या कुटुंबांपैकी पुष्कळांना भाडे न परवडल्याने निघावे लागले. म्हणजे कायदा असूनही सगळे साधते असे नाही. आपल्या देशात तर खाजगी घराबाबत तसा सर्वसाधारण कायदाच नाही, आणि २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात, सभासद फक्त आपल्याच समाजाचे घेण्याचा नियम संस्था करू शकते असा निकाल दिला. न्यायालयाने जे चालवून घेतले ते योग्यच आहे, असा त्याचा अर्थ होत नाही. न्यायालयाने हा प्रश्न ज्यांच्याकडे सोडला, त्या माणसांत आपणही आहोत.

जिथे कायदा स्पष्ट आहे, तिथे तरी तो पाळावा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चा. तो ३१ मार्च २००० पासून लागू झाला. भाडेकरार लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी त्याने मालकावर टाकली आहे. अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही, ही समजूत आपल्याकडे घरोघरी आहे, पण महाराष्ट्रात ती चुकीची आहे. करार नोंदवलेला नसेल आणि वाद झाला, तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, ते खोटे असल्याचे सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. पटत नाही म्हणून भाडेकरूचे पाणी किंवा वीज तोडणे हा गुन्हा आहे. या शहराने नळाच्या पाण्यासाठी कित्येक दिवस वाट पाहण्यात वर्षे काढली आहेत. इथे दुसऱ्याच्या टाकीचा व्हॉल्व्ह बंद करण्याचा अर्थ काय होतो ते कोणाला समजावून सांगायला नको. आणि जुन्या भाडेकरूकडून दुरुस्तीसाठी घर रिकामे करून घेतले, तर दुरुस्तीनंतर त्याला परत आत येता यावे, अशी तरतूदही कायद्यात आहे. वाडा नवा करताना मागच्या खोलीतल्या म्हाताऱ्या विधवेला 'दोन महिन्यांसाठी' गावाला पाठवायचे आणि तिच्या खोलीत नव्या भाड्याने दुसरे कुटुंब आणायचे, असे कोणी करत असेल तर त्याला दुरुस्ती म्हणता येणार नाही. यिर्मया संदेष्ट्याने यहूदाच्या राजाला याच कारणाने धारेवर धरले होते. राजाने मोठ्या खिडक्या काढल्या, गंधसरूच्या फळ्या लावल्या, भिंतींना लाल रंग दिला. संदेष्ट्याचा राग खिडक्यांवर नव्हता, त्या वरच्या खोल्या शेजाऱ्यावर अन्याय करून उठल्या होत्या, यावर होता.

अनुवादाच्या पुस्तकातली एक बारीक आज्ञा घरमालकांनी लक्षात ठेवावी अशी आहे. कर्ज दिले असेल तर तारण आणायला कर्जदाराच्या घरात शिरू नये. बाहेर उभे राहावे, तो स्वतः बाहेर आणून देईल. देणेकऱ्याच्याही उंबऱ्याला मान आहे. आपल्याकडे काही मालक भाड्याच्या घराची दुसरी किल्ली खिशात ठेवतात आणि दुपारी भाडेकरू कामावर गेला की 'सहज नजर टाकून' येतात. भाडे भरले त्या महिन्यापुरता तो उंबरा भाडेकरूचा आहे. तसेच भाडेकरूनेही लक्षात ठेवावे की भिंतीत मारलेला प्रत्येक खिळा दुसऱ्याच्या भिंतीत आहे, आणि ठरल्या तारखेला भाडे न देणे हे विसरणे नव्हे.

शेवटी संत पौलाकडे वळू. प्रेषितांच्या कृत्यांचे पुस्तक कुठे संपते, हे आपण सहसा विचारात घेत नाही. ते मंदिरात संपत नाही, वधस्तंभाजवळ संपत नाही, सभागृहातही नाही. ते रोम शहरातल्या एका भाड्याच्या घरात संपते. पौल तिथे स्वतःच्या खर्चाने पूर्ण दोन वर्षे राहिला आणि येईल त्या प्रत्येकाचे त्याने स्वागत केले. हा भाडेकरू कसा होता ते पाहा. परदेशी. खटला चालू असलेला कैदी. हाताला साखळी, पहाऱ्याला शिपाई. धर्म वेगळा, आणि त्या धर्माविषयी सगळीकडे उलटसुलट बोलले जात होते. सकाळपासून संध्याकाळपर्यंत माणसांची रीघ, त्यात यहुदी आणि विदेशी दोन्ही, आणि तासन् तास चालणारे वाद. आपल्यापैकी कोणाकडे असा माणूस वरचा मजला मागायला आला असता तर आपला भाचा निश्चित आडवा आला असता. रोममधल्या कोणा घरमालकाने त्याला जागा दिली. तो ख्रिस्ती होता की नव्हता, त्याने दयेपोटी दिली की नुसत्या भाड्यासाठी, लूक काही सांगत नाही. आम्हांला वाटते, बहुधा भाड्यासाठीच दिली असावी, आणि तेवढ्यानेही काम झाले. भाडे वेळेवर येते ना, मग माणूस कोण याची चौकशी कशाला, इतका साधा व्यवहारी विचार जरी आपल्या घरमालकांनी केला तरी या शहरातल्या पुष्कळ कुटुंबांची दारोदार वणवण वाचेल.

जून महिन्यात कॉलेजे आणि नर्सिंगची प्रवेशप्रक्रिया सुरू झाली की खेड्यांतून मुले-मुली शहरात येतील. त्यांच्याबरोबर ट्रंक, गादी आणि एखादा चुलत भाऊ असेल. ज्यांच्याकडे खोली किंवा मजला रिकामा आहे, त्यांनी मिस्सानंतर धर्मग्राम कार्यालयात भाडे, डिपॉझिट आणि पाण्याची सोय यांची माहिती लिहून द्यावी. कार्यालयातल्या वहीत धर्माचा आणि जातीचा रकाना ठेवलेला नाही.